फ्लॅशला पांढरी टोपी घातली, तरी फोटो कडकच का येतो? डिफ्यूझर घेण्याआधी हे समजून घ्या

मंगल कार्यालय, लॉन्स, घरातली पूजा आणि सिद्धेश्वर यात्रा: कोणता डिफ्यूझर कुठे चालतो, कुठे काढून ठेवायचा, आणि पैसे खर्च न करता प्रकाश मऊ कसा करायचा? वाचा सविस्तर

डिजिटल डेस्क, सोलापूर

तुळशीचे लग्न लागले की सोलापुरातील मंगल कार्यालये आणि लॉन्स भरू लागतात. मकर संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धेश्वर महाराजांची गड्डा यात्रा असते. उन्हाळ्यात पुन्हा लग्नांची गर्दी. या काळात नव्याने कॅमेरा हाती घेतलेली मुले फ्लॅशपाठोपाठ एक वस्तू हमखास घेतात, ती म्हणजे फ्लॅशच्या डोक्यावर बसणारी पांढरी प्लास्टिकची टोपी. अर्थात डिफ्यूझर.

टोपी लावून लग्न शूट होते. अल्बमची निवड करताना मात्र नवरीच्या नाकावर चकाकी, मागच्या पडद्यावर काळी ठसठशीत सावली आणि आजोबांच्या चष्म्यात पांढरा डाग दिसतो. मग ‘टोपी भारीतली घ्यायला हवी होती’ असे वाटते आणि आणखी खर्च होतो. फोटो पुन्हा काढता येत नाहीत. अक्षता एकदाच पडतात.

यात दोष टोपीचा नसतो. टोपी नेमके काय करते आणि काय करत नाही, हे खोक्यावर लिहिलेले नसते. ते समजून घेऊ.

मऊ प्रकाश म्हणजे नेमके काय?

मे महिन्यात दुपारी बाराला रस्त्यावर उभे राहा. तुमची सावली कात्रीने कापल्यासारखी दिसते. ऑगस्टमध्ये आभाळ भरून आलेले असताना त्याच जागी उभे राहा. सावली जवळपास नाहीशी होते. सूर्य तोच आहे. फरक इतकाच की पहिल्या वेळी प्रकाश आकाशातल्या एका छोट्या ठिपक्यातून येत होता, दुसऱ्या वेळी पूर्ण आकाशातून.

म्हणजे प्रकाश मऊ होतो तो पांढऱ्या प्लास्टिकमधून गेल्यामुळे नाही. समोरच्या माणसाला प्रकाशाचा उगम किती मोठा दिसतो, यावर मऊपणा ठरतो. ढगांनी सूर्यप्रकाश मोठ्या जागेवर पसरवला, म्हणून तो मऊ झाला.

आता हाच नियम फ्लॅशला लावू. नेहमीच्या फ्लॅशची काच साधारण ७ सेंटीमीटर रुंद असते. त्यावरची टोपी फार तर एखादा सेंटीमीटर मोठी. दोन मीटरवर उभ्या असलेल्या माणसासाठी ७ सेंटीमीटर आणि ८ सेंटीमीटर यात काय फरक पडणार? ठिपका तो ठिपकाच राहतो.

सावलीचा हिशेब शाळेतल्या भूमितीने करता येतो. सावलीची कड किती रुंद आणि विरळ होईल, हे काढायचे असेल तर प्रकाशाच्या उगमाची रुंदी घ्या. तिला माणूस ते भिंत या अंतराने गुणा आणि प्रकाश ते माणूस या अंतराने भागा. माणूस फ्लॅशपासून २ मीटरवर आणि भिंतीपासून अर्ध्या मीटरवर आहे, असे धरू.

• नुसता फ्लॅश, ७ सेंटीमीटर: सावलीची कड पावणेदोन सेंटीमीटर. कडक.
• टोपी लावून सरळ समोर, ८ सेंटीमीटर: २ सेंटीमीटर. फरक डोळ्यांना कळतही नाही.
• २४ सेंटीमीटरचे पांढरे कार्ड किंवा छोटा सॉफ्टबॉक्स: ६ सेंटीमीटर. फरक दिसू लागतो.
• छतावर पडून परतलेला प्रकाश: उजळलेला पट्टा दीड मीटरचा आणि माणसापासून २ मीटरवर धरला, तर कड ३७ सेंटीमीटरच्या पुढे जाते. शिवाय सावली मागच्या भिंतीवर न पडता खाली जाते.

शेवटच्या ओळीतले छत फुकट आहे. डिफ्यूझर विकत घेण्याआधी हे लक्षात ठेवायचे.

मग टोपी काय करते?

टोपी प्रकाश चहूबाजूंना उधळते. फ्लॅशचे डोके ४५ ते ६० अंश वर केले, की टोपीतून थोडा प्रकाश थेट चेहऱ्यावर जातो आणि बाकीचा छत, भिंती, मागची बाजू असा फिरून परत येतो. मऊपणा येतो तो या परतलेल्या प्रकाशातून. टोपी फक्त तो वाटून देते.

म्हणून १० बाय १२ फुटांच्या पांढऱ्या खोलीत, उदाहरणार्थ घरच्या सत्यनारायणाच्या पूजेत, टोपी छान काम करते. छत जवळ, चारही भिंती जवळ. तीच टोपी उघड्या लॉनवर लावली, तर वर आणि बाजूला गेलेला प्रकाश परत आणायला कुणीच नसते. तो आकाशात जातो. चेहऱ्यावर पोहोचतो तो पुन्हा छोट्या ठिपक्याचाच कडक प्रकाश, तोही कमी. टोपीमुळे साधारण दोन स्टॉप, म्हणजे चारपैकी तीन भाग प्रकाश वाया जातो.

ओळखायची सोपी खूण अशी: मान वर करून पाहा. पांढरे छत दिसले तर टोपी उपयोगी. आकाश दिसले तर टोपी खिशात.

बाजारात काय काय मिळते?

• कडक प्लास्टिकची टोपी: स्टो-फेन या कंपनीच्या ओम्नी-बाउन्समुळे हा प्रकार जगभर पोहोचला. स्वस्त, हलकी, खिशात मावणारी. काही फ्लॅशबरोबर ती खोक्यातच मिळते, त्यामुळे आधी खोके तपासा.

• रबराचा किंवा सिलिकॉनचा गोळा: गॅरी फाँग यांचा लाइटस्फिअर, मॅगमॉडचा मॅगस्फिअर ही नावे प्रसिद्ध आहेत, त्यांच्या स्वस्त नकलाही मिळतात. टोपीपेक्षा आकाराने मोठा, म्हणून थोडा अधिक मऊ. पण तत्त्व तेच, छत-भिंत जवळ हवी. वजनामुळे फ्लॅशचे डोके हळूहळू खाली झुकते, हे घेताना तपासावे.

• वाकणारे कार्ड: रोगच्या फ्लॅशबेंडरसारखी कापडी पट्टी. डोके वर करायचे आणि पट्टी पुढे वाकवायची. प्रकाश पट्टीवर आपटून समोर येतो. उगमाचा आकार खरोखर मोठा होतो, म्हणून उघड्यावरही थोडा फायदा.

• छोटा सॉफ्टबॉक्स: साधारण २० बाय २५ सेंटीमीटर. दीड-दोन मीटरच्या आत उभ्या असलेल्या एक-दोन माणसांसाठी बरा. पाच मीटरवरून त्याचाही ठिपकाच होतो.

• फ्लॅशमध्येच असलेले दोन तुकडे: अनेक फ्लॅशच्या डोक्यातून दोन पातळ पट्ट्या बाहेर ओढता येतात. पांढरी पट्टी छताकडे फ्लॅश मारताना डोळ्यांत चमक आणते. खाचा असलेली पारदर्शक पट्टी वाइड लेन्ससाठी प्रकाश फाकवते. तिने प्रकाश मऊ होत नाही.

• घरगुती: पोस्टकार्डाच्या आकाराचे जाड पांढरे कार्डशीट आणि एक रबर बँड. फ्लॅशच्या मागच्या बाजूला उभे बांधा, डोके छताकडे करा. कित्येक महागड्या गोळ्यांचे काम हे करते.

मंगल कार्यालयात: छत हाच सर्वात मोठा डिफ्यूझर

हॉलचे छत पांढरे आणि १०-१२ फुटांवर असेल, तर फ्लॅशवर काहीही न लावता डोके वर आणि किंचित मागे करा. प्रकाश छतावर आपटून मोठा होऊन येईल. एका बाजूला पांढरी भिंत असेल तर डोके तिकडे वळवा. खिडकीतून आल्यासारखा बाजूचा प्रकाश मिळतो आणि चेहऱ्याला उठाव येतो. नुसत्या छताच्या प्रकाशाने डोळ्यांखाली सावली पडते, तेवढ्यासाठी ते पांढरे कार्ड.

‘पण छताकडे मारला की फ्लॅश पुरत नाही,’ ही नेहमीची तक्रार. इथे आकडे पाहू. फ्लॅशच्या खोक्यावर गाइड नंबर लिहिलेला असतो. गाइड नंबर भागिले अंतर म्हणजे वापरायचे अ‍ॅपर्चर. मात्र ६० हा आकडा बहुधा २०० मिलिमीटर झूमचा असतो. ३५ मिलिमीटरला तोच फ्लॅश सुमारे ३६ वर येतो. छताकडे मारल्यावर आणखी दोन स्टॉप जातात, असे धरू. फ्लॅश ते छत ते माणूस हा प्रवास ६ मीटर.

• आयएसओ २००: गाइड नंबर सुमारे ५१, छतामुळे निम्मा म्हणजे २५. भागिले ६, म्हणजे एफ ४ ला पूर्ण पॉवर लागते.
• आयएसओ १६००: गाइड नंबर १४४, निम्मा ७२. भागिले ६, म्हणजे एफ १२ पर्यंत पुरतो. एफ ४ वर फोटो काढला तर पॉवरचा फक्त आठवा-नववा भाग पुरेसा.

म्हणजे फ्लॅश तोच, छत तेच. फक्त आयएसओ वाढवल्याने काम आठपट हलके झाले. आजच्या कॅमेऱ्यांत १६०० आयएसओचा फोटो अल्बममध्ये सहज चालतो. ‘फ्लॅश लावला की आयएसओ १०० किंवा २०० ठेवायचा’ ही सवय जुन्या काळातली. ती सोडली तर अर्धी अडचण संपते. वर मागच्या सजावटीचा उजेडही फोटोत येतो, नवरा-नवरी काळ्या खड्ड्यासमोर उभे असल्यासारखे दिसत नाहीत.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली, रंग. अनेक हॉलमध्ये छताला गुलाबी, पिवळे किंवा जांभळे कापड ताणलेले असते. प्रकाश ज्या रंगावर आपटतो, तो रंग घेऊन येतो. गुलाबी कापडाखाली नवरीची पांढरी साडी गुलाबी होईल, जांभळ्याखाली चेहरे आजारी दिसतील. अशा वेळी छत सोडा, पांढरी भिंत शोधा. तीही नसेल तर जवळच्या खांबाला किंवा दोरीला एक साधी पांढरी चादर बांधा आणि फ्लॅश तिच्याकडे वळवा. ती खरोखर पांढरी हवी. आपली रंगीत नक्षीची सोलापुरी चादर इथे चालणार नाही, तिचे रंग थेट चेहऱ्यावर उतरतील.

दुसरी गोष्ट, फ्लॅश बाजूला किंवा मागे वळवताना तो शेजारी बसलेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांवर मारू नका. यावर अमेरिकेतील फोटोग्राफर नील व्हॅन नीकर्क यांनी लोकप्रिय केलेला उपाय आहे. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी काळी फोम शीट फ्लॅशच्या एका बाजूला रबर बँडने गुंडाळायची. पाहुण्यांकडे आणि थेट नवरीकडे जाणारा प्रकाश अडतो, भिंतीकडे जाणारा मोकळा राहतो. गंमत अशी की हा प्रकाश मऊ करणारा तुकडा पांढरा नाही, काळा आहे.

लॉन्सवर आणि उघड्या मंडपात

इथे छत नाही. टोपी आणि गोळा काढा. उरतात तीन मार्ग.

• वाकणारे मोठे कार्ड किंवा छोटा सॉफ्टबॉक्स लावा आणि जवळ जा. दीड मीटरवरून मिळणारा मऊपणा तीन मीटरवर निम्मा होतो.
• माणसांना पडद्यापासून दोन-तीन मीटर पुढे उभे करा. सावली पडद्यावर पडणारच नाही. याला काहीही खर्च नाही.
• मदतनीस असेल तर फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढा. ट्रिगर आणि पांढरी छत्री घेऊन मदतनीस नवरा-नवरीच्या बाजूला उभा राहिला, की मीटरभराचा उगम तयार होतो. नवा डिफ्यूझर घ्यायच्या विचारात असाल तर ते पैसे साध्या ट्रिगर आणि छत्रीकडे वळवण्याचा विचार जरूर करा.

लॉनवरच्या पिवळ्या दिव्यांत फ्लॅशचा प्रकाश निळसर वाटतो. फ्लॅशच्या काचेवर नारिंगी जेलचा तुकडा लावला आणि व्हाइट बॅलन्स पिवळ्या दिव्यांचा ठेवला, की दोन्ही रंग जुळतात. एलईडीचे दिवे किंवा पडदा मागे असेल आणि फोटोत आडवे पट्टे येत असतील, तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणून पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे अनेक स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात.

गड्डा यात्रेत फ्लॅश कसा वापरावा?

सिद्धेश्वर यात्रा म्हणजे फ्लॅशच्या सगळ्या परीक्षा एका ठिकाणी. मानाचे सात नंदीध्वज, पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले हजारो भक्त, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचा होमविधी आणि शोभेचे दारूकाम. प्रत्येक प्रसंगाचा प्रकाश वेगळा.

दुपारचा अक्षता सोहळा: ऊन डोक्यावर असते आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. इथे फ्लॅशचे काम फक्त त्या सावल्या उजळण्याचे. शटर १/२००, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ११. गाइड नंबर ३६ धरला तर उघडा फ्लॅश पूर्ण पॉवरला ३.३ मीटरपर्यंत पोहोचतो. टोपी लावली तर १.६ मीटर. गर्दीत इतके जवळ जायला मिळत नाही. मुख्य प्रकाश सूर्याचाच कडक आहे, त्यामुळे टोपीने मऊपणाही येत नाही. उघडा फ्लॅश, पॉवर एक ते दीड स्टॉप कमी, एवढे पुरे.

पांढरी बाराबंदी: ऑटो म्हणजे टीटीएल मोडमध्ये कॅमेरा समोरचे दृश्य सरासरी करड्या रंगाचे आहे असे मानतो. फ्रेम पांढऱ्या कपड्यांनी भरली की त्याला वाटते प्रकाश जास्त झाला आणि तो फ्लॅश कमी करतो. बाराबंदी मळकट आणि चेहरे काळवंडलेले येतात. फ्लॅशचे कॉम्पेन्सेशन अधिक २/३ ते अधिक १ करा. काळे कोट घातलेल्या वऱ्हाडात याच्या उलट.

रात्रीची मिरवणूक: वर आकाश, म्हणून टोपी नको. आयएसओ १६०० ते ३२००, शटर १/६० च्या आसपास, फ्लॅश कमी पॉवरवर. म्हणजे रोषणाईही दिसेल आणि जवळचे चेहरेही.

धूळ आणि भंडारा: फोटोत पांढरे गोल ठिपके येतात, ते लेन्सजवळच्या कणांवरून परतलेल्या प्रकाशाचे. लेन्सपासून २० सेंटीमीटरवरच्या कणावर २ मीटरवरच्या चेहऱ्यापेक्षा १०० पट प्रकाश पडतो. टोपी प्रकाश खाली-पुढे सांडते, म्हणजे नेमके हेच कण उजळते. बाळ्याच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळताना, पंढरपुरात बुक्का उडताना किंवा पावसात टोपी काढा. फ्लॅश जमेल तितका लेन्सपासून दूर, हात उंच करून किंवा ब्रॅकेटवर धरा.

शोभेचे दारूकाम: फ्लॅश बंदच. तुमचा फ्लॅश त्या उंचीवर पोहोचत नाही. उजळते ती फक्त समोरच्या माणसाची पाठ.

अक्षता पडताना फ्लॅश गप्प का बसतो?

लग्नातला सर्वात मोठा धोका हाच. ‘सावधान’ झाले, हात वर गेले, तुम्ही बटण दाबले, पहिला फोटो आला. पुढचे तीन अंधारात. कारण पूर्ण पॉवरला चमकलेला फ्लॅश पुन्हा भरायला दोन-तीन सेकंद घेतो, सेल उतरलेले असतील तर आणखी. डिफ्यूझर दोन स्टॉप खातो, म्हणजे फ्लॅशला चौपट काम करावे लागते. टोपी लावली आणि आयएसओ २०० ठेवला, की प्रत्येक फोटो पूर्ण पॉवरचा.

यात आणखी एक तोटा आहे. पूर्ण पॉवरला फ्लॅशची चमक सुमारे १/३०० सेकंद टिकते. सेकंदाला तीन मीटर वेगाने पडणारा तांदळाचा दाणा तेवढ्यात १ सेंटीमीटर सरकतो आणि फोटोत रेघ उमटते. पॉवर १/८ किंवा त्याहून खाली असेल तर चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटी होते आणि अक्षता हवेत थबकलेल्या दिसतात. म्हणून आयएसओ वाढवणे आणि गरज नसताना डिफ्यूझर काढणे, हा अक्षतांचा फोटो मिळवण्याचा भाग आहे.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे असतो. पूर्ण पॉवरच्या फोटोंचा सपाटा लावला की फ्लॅश तापतो आणि स्वतःहून संथ किंवा बंद होतो. काचेवर घट्ट बसलेली टोपी ही उष्णता अडवते. एकाच ब्रँडचे, एकाच वेळी चार्ज केलेले चार रिचार्जेबल सेल वापरा आणि दुसरा संच खिशात ठेवा. फ्लॅश लिथियम बॅटरीचा असेल तर एक जादा बॅटरी.

ग्रुप फोटो: पुढची रांग पांढरी, मागची काळी

स्टेजवर तीन रांगा उभ्या राहिल्या की हे हमखास होते. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. पुढची रांग २ मीटरवर आणि मागची ४ मीटरवर असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या चौथा भाग प्रकाश मिळतो. तुम्ही दोन मीटर मागे गेलात, म्हणजे अंतरे ४ आणि ६ मीटर झाली, की मागच्यांना ४४ टक्के मिळतो. तेवढ्याने फोटो सावरतो. कोणताही समोरून लावलेला डिफ्यूझर हा फरक मिटवत नाही. मागे सरका, झूम करा, छत असेल तर बाउन्स करा.

चेहरा गोरा नको, खरा हवा

थेट फ्लॅशने सावळ्या चेहऱ्यांवर सर्वाधिक अन्याय होतो. घाम, हळद, तेल आणि मेकअप यांवर छोट्या उगमाची चकाकी पडते, त्वचेचा रंग धुतला जातो. ती चकाकी झाकायला पॉवर वाढवून चेहरा पांढरा करायचा, हा सोपा मार्ग अनेक जण घेतात. त्यात जरीचे काठ, मोत्यांचे दागिने आणि बाराबंदीची शिवण सगळे एकाच पांढऱ्या पट्ट्यात जाते.

मोठ्या उगमाच्या प्रकाशात चकाकी पसरते आणि सौम्य होते, त्यामुळे त्वचेचा मूळ रंग टिकतो. फोटो काढल्यावर स्क्रीनवर हायलाइट चमकण्याची सूचना सुरू ठेवा. चेहऱ्यावर ती लुकलुकली तर फ्लॅश कमी करा. कपाळावरचे कुंकू कुंकवाच्याच रंगाचे दिसले, तर एक्सपोजर बरोबर आहे.

मोबाइलने फोटो काढणाऱ्यांसाठी

मोबाइलचा फ्लॅश म्हणजे काही मिलिमीटरचा एलईडी. त्यावर टिश्यू पेपर किंवा पांढरी चिकटपट्टी लावली तर प्रकाश घटतो, मऊ होत नाही. कारण तेच, उगम मिलिमीटरचाच राहतो. त्याऐवजी असे करा:

• फ्लॅश बंद करा. दुसऱ्याच्या मोबाइलचा टॉर्च लावून तो जवळच्या पांढऱ्या भिंतीवर किंवा मोठ्या पांढऱ्या कागदावर मारा. परतलेल्या प्रकाशात फोटो काढा.
• माणसाला दिव्याच्या थेट खाली नको, समोर किंवा बाजूला उभे करा.
• आजी-आजोबांचा फोटो दिवसा दारात किंवा खिडकीजवळ घ्या. खिडकी हा मीटरभराचा सॉफ्टबॉक्सच.

विकत घेण्याआधी घरी करा ही चाचणी

स्टीलचा चकचकीत तांब्या आणि एक पांढरी भिंत, एवढे पुरते. घरातल्या कुणाला भिंतीपासून अर्धा मीटर पुढे बसवा, हातात तांब्या द्या. दोन मीटरवरून पाच फोटो काढा.

१. फ्लॅश सरळ, काहीही न लावता.
२. टोपी लावून सरळ. टोपी नसेल तर काचेवर ट्रेसिंग पेपर.
३. डोके वर, मागे पांढरे कार्ड.
४. डोके छताकडे.
५. डोके बाजूच्या भिंतीकडे.

आता फोटो मोठे करून फक्त तांब्या पाहा. त्यात प्रकाशाचे प्रतिबिंब दिसेल. पहिल्या दोन फोटोंत ते टाचणीच्या डोक्याएवढे, तर चौथ्या-पाचव्यात पसरलेला उजळ पट्टा असेल. जितके प्रतिबिंब मोठे, तितका प्रकाश मऊ. मग भिंतीवरची सावली पाहा, उत्तर तेच मिळेल. दुकानातही हाच निकष लावा. डिफ्यूझर लावल्याने तांब्यातला ठिपका मोठा झाला नाही, तर त्याच्यावर पैसे घालवू नका.

थोडक्यात: कुठे काय?

• पांढरे, कमी उंचीचे छत: काहीही न लावता बाउन्स, मागे पांढरे कार्ड.
• छोटी पांढरी खोली: टोपी किंवा गोळा, डोके वर.
• रंगीत कापडाचे छत: बाजूची पांढरी भिंत किंवा बांधलेली पांढरी चादर.
• लॉन, रस्ता, मैदान: टोपी नको. मोठे कार्ड घेऊन जवळ, किंवा ट्रिगर आणि छत्री.
• भर दुपार: उघडा फ्लॅश, कमी पॉवर.
• धूळ, भंडारा, पाऊस: टोपी काढा, फ्लॅश लेन्सपासून दूर.
• पांढरे कपडे: कॉम्पेन्सेशन अधिक २/३ ते अधिक १.
• अक्षता: आयएसओ १६००, कमी पॉवर, ताजे सेल.
• खरेदीचा क्रम: पांढरे कार्डशीट आणि काळी फोम शीट, मग जादा सेल, मग ट्रिगर-छत्री. टोपी किंवा गोळा त्यानंतर, तोही पांढऱ्या खोल्यांतले काम जास्त असेल तरच.